दोन हेवीवेट आणि मधलं रिकामं पान

मी बॉक्सर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात एकदाच ग्लोव्ह्ज हातात घातले, तेही नवी शिवण आतून टोचते का ते बघायला. पनवेलला एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं सीट कव्हरचं दुकान. रिक्षा, टेम्पो, ट्रेलर, मधूनच एखाद्या हौशी माणसाची मोटार, यांच्या गाद्या भरण्यात आणि रेक्झिन ताणण्यात माझी चाळीस वर्षं गेली. माणसं कशावर बसतात या विषयावर मी तासभर बोलू शकतो. दिवाळी अंकवाल्यांना तो विषय नको होता. त्यांना हवं होतं बॉक्सिंग, आणि त्यातही एकच प्रश्न: वामन मोठा की ऋचा?

हा प्रश्न आमच्याकडे गेली चार-पाच वर्षं गाजतोय. वामन पाटील हा पस्तीसेक वर्षांपूर्वीचा हेवीवेट, जासईकडचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. ऋचा आजची, नवीन पनवेलची, बँकेतल्या कारकुनाची मुलगी, मुलींच्या सगळ्यात वरच्या वजनगटात खेळणारी. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. तरी चार माणसं जमली की दोघांना रिंगमध्ये उतरवतात आणि आपापल्या पसंतीचा निकाल लावतात. तंटा मिटला नाही की कोणीतरी म्हणतं, दत्ताभाऊला विचारा. कारण दोघांच्या पंचिंग बॅगा भरणारा माणूस एकच आहे, आणि तो मी आहे.

बॅगांचा धंदा माझ्या गळ्यात घातला सावंत सरांनी. सर फौजेतून निवृत्त होऊन शिरढोणला घरी आले आणि पनवेलला तळ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना बॉक्सिंग शिकवायला लागले. एक दिवस हातगाडीवर फाटकी बॅग टाकून दुकानात हजर. मी म्हटलं, सर, मी गाद्या भरतो. ते म्हणाले, "ही उभी गादी आहे असं समज. हिच्यावर बसायचं नाही, एवढाच फरक."

बाहेरच्या माणसाला वाटतं की बॅगेत वाळू असते. वाळू भरली तर महिन्याभरात मनगटं जातात. लाकडाचा भुसा भरला तर तो आमच्या खाऱ्या हवेत पाणी धरतो आणि खाली बसतो. मग तळ दगडासारखा आणि वर नुसता पोकळ डोलारा. खरी बॅग चिंध्यांची. शिंप्यांकडून पोतं पोतं कात्रणं आणायची, तळहाताएवढी कापायची आणि थरावर थर घालून मुसळाने ठासायची. वर दाबलं काय आणि खाली दाबलं काय, हाताला फरक कळता कामा नये. दिसायला सोपं आहे. मला जमायला दोन वर्षं लागली.

पहिल्याच बॅगेत मी कात्रणं न निवडता भरली. ब्लाउजचा एक हूक आत राहिला, कापडातून वर आला आणि नुसत्या पट्ट्या बांधून मारणाऱ्या एका पोराची बोटं सोलून निघाली. सर ओरडले नाहीत. तो हूक त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेले. त्या दिवसापासून मी कात्रणं तांदूळ निवडावेत तशी निवडायला लागलो. दुकानात येणारी गिऱ्हाइकं हसायची.

पुढे पुढे घरी व्यायाम करणारी मंडळीही यायला लागली. नवीन पनवेलचे एक साहेब आले, खिशातून कोणाचा तरी पासपोर्ट साइज फोटो काढला आणि म्हणाले, हा बॅगेत आतून शिवून द्या. मी म्हटलं, आतून कशाला, दिसणारच नाही. म्हणाले, "बाहेरून लावला तर बायको विचारेल हे कोण. आमचे साहेब आहेत." दिला शिवून. सहा महिन्यांनी बॅग दुरुस्तीला आली तेव्हा फोटो होता तिथेच कापड विरलं होतं. मी गंभीर चेहरा करून दुहेरी ठिगळ लावलं.

या गोष्टीवरून माझ्या कामातली मेख लक्षात येईल. सीट उलगडलं की ड्रायव्हर कुठल्या कुशीवर कलतो ते मला कळतं, कंबर कुठे दुखत असेल तेही कळतं. बॅगेचंही तसंच. डावा हात कुठे पडतो, उजवा कुठे, पोरगं दमल्यावर हात खाली येतात का, सगळं कापडावर उमटतं. सरांना हे मी एकदा दाखवलं तेव्हा ते चकित झाले. मग त्यांनी सवयच लावून घेतली. दर सोमवारी सकाळी बॅगेवरून तळहात फिरवायचे आणि त्यावरून पोरांना झापायचे. सरांना ही विद्या मी दिली, याचा मला भारी अभिमान होता.

आता वामन. त्याची बॅग वेगळी, कारण क्लबच्या बॅगा त्याच्यापुढे टिकायच्या नाहीत. ती तो स्वतः खांद्यावर टाकून दुकानात आणायचा. पन्नास किलोची बॅग उतरवायचा आणि म्हणायचा, "दत्ता, परत भोक पडला." भोक कायम एकाच जागी. छातीच्या उंचीवर, वाटीएवढा खड्डा, आजूबाजूचं कापड कोरं. शंभर वेळा मारलं तरी शंभर वेळा तिथेच. मी तिथे ताडपत्रीचं तिहेरी ठिगळ लावायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो.

ऋचाची बॅग शहरातून आणलेली, चकचकीत, कसल्याशा कृत्रिम चामड्याची. एका पावसाळ्यात ती खाली बसली म्हणून तिचे वडील रिक्षात घालून घेऊन आले. ऋचा बरोबर होती. "काका, खालची साइड एकदम हार्ड झालीय. लो शॉट मारला की रिस्ट दुखतं," म्हणाली. मी बॅग नीट पाहिली. खड्डा कुठेच नाही. चारी बाजूंनी सारखी घासलेली, कारण ही मुलगी एका जागी उभीच राहत नाही, बॅगेभोवती फिरत मारते. जुनी माणसं म्हणतात तिच्या ठोशात दम नाही, बॅग फाटत नाही. बॅग उघडून बघा म्हणावं. आतल्या कात्रणांचा पार भुगा झाला होता. वामनची बॅग फाटायची, ऋचाची आतून दळली जाते. आता यातलं मोठं काय, हे मी कसं सांगू? तो भाकरी आणि सुकटीवर वाढलेला, तीन राउंड समोर उभा राहून मारणारा. हिला मोजून खाणं, मोबाइलवर स्वतःचा प्रत्येक ठोसा हळू करून बघणं. कापडही तेव्हाचं वेगळं होतं.

ऋचाने बॅग भरून होईपर्यंत स्टुलावर बसून सगळं पाहिलं. जाताना विचारलं, "वामन सर खरंच एवढं हार्ड मारायचे?" मी हो म्हटलं. ती खुश झाली. मला त्या मुलीचं कौतुक वाटतं. दुसऱ्याचं मोठेपण ऐकून खुश होणारी माणसं कमी.

गेल्या वर्षी क्लबने स्मरणिका काढायचं ठरवलं. क्लबचा सेक्रेटरी निखिल, कॉम्प्युटरवाला, उत्साही पोरगा. तो दुकानात आला आणि लॅपटॉप उघडून बसला. "काका, हेवीवेटचं एक कंपॅरिझन टेबल करतोय. पॉवर, स्पीड, स्टॅमिना. दहापैकी मार्क फक्त तुम्हीच देऊ शकता." मी म्हटलं, मी काय शाळामास्तर आहे? तो हसला. मग म्हणाला, "बरं, मार्क राहू देत. एक सांगा. वामन सर, आणि त्यानंतर डायरेक्ट ऋचा. मधे पंचवीस-तीस वर्षं एकही हेवीवेट नाही. बाकी सगळ्या वजनांची पोरं आहेत. ह्या पट्ट्यात एवढी दांडगी माणसं, आणि हेवीवेट कोणीच कसा नाही? ते पान एकदम रिकामं दिसतंय."

मी त्याला माहीत नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. ते पान रिकामं का आहे हे मला नीट माहीत आहे, कारण ते माझ्यामुळे रिकामं राहिलं.

वामनच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. राज्याची फायनल तीन महिन्यांवर होती. जिंकला तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी नक्की, आणि त्या नोकरीसाठी वयाची अट संपायला तेवढंच वर्ष उरलेलं. एका शनिवारी त्याने बॅग आणली आणि भोक पडला असं काही म्हणाला नाही. मी बघितलं तर खड्डा नाही. डाव्या अंगाला लांब घासपट्टी, कुठे ठोसा निसटून गेलेला, कुठे अलीकडेच आपटलेला. नवशिक्याची बॅग अशी दिसते. वामनची नाही.

मी विचारलं, "हात दुखतोय का?"

तो दारात जाऊन बाहेर कोणी नाही ना बघून आला. "डाव्या डोल्यात पडदा आल्यावानी दिसतंय. काला. कोपऱ्यावरनं आत सरकतोय. समोरची बॅग कवा जवल वाटतं, कवा लांब."

"सरांना सांग. डॉक्टरकडे जा."

"सरांना कललं तं ते मना रिंगमदे उभा करनार नाय. ही फायनल गेली तं नोकरी गेली. मंग जलमभर मिठागरावर. फायनल झाली का दुसऱ्या दिशी डाक्टरकडं जातो, तुझी शपत." मग बॅगेवर हात ठेवला. "सर सोमवारी हात फिरवतील. तू फक्त कापड बदल, आन कोनाला बोलू नको. नव्या कापडावर काय दिसनार?"

मी कापड बदललं. एकदा नाही, फायनलपर्यंत दर पंधरा दिवसांनी. जुनं कापड उसवायचं, नवं चढवायचं, त्याच्यावर वामन उगाच चार दिवस फक्त सरळ मारून खोटा खड्डा पाडायचा. हे फक्त मैत्रीसाठी केलं असं म्हणून मी सुटणार नाही. वामन जिंकावा असं मलाही फार वाटत होतं, कारण गावभर त्याची बॅग दाखवत मीच फिरलो होतो. शिवाय माझ्या हातचं काम सरांनाही ओळखता येणार नाही, ही गंमत मला तेव्हा आवडली होती. लाज वाटते लिहिताना, पण आवडली होती.

सरांनी एकदाच विचारलं. "दत्ता, परत नवं कापड?"

"सर, जुनं कुजलं. खारी हवा."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

फायनलला आम्ही सगळे गेलो होतो. वामन पहिले दोन राउंड मार खात होता. प्रत्येक ठोसा डाव्या बाजूने येत होता आणि त्याला तो दिसत नव्हता. खाली बसलेल्यांत हे मला एकट्याला कळत होतं. कोपऱ्यात सरांनी टॉवेल हातात घेतला. तो टाकला की लढत थांबते, आपला माणूस हरतो आणि वाचतो. सरांनी हात वर नेला आणि खाली आणला, दोनदा. तिसऱ्या राउंडमध्ये वामनने अंदाजानेच उजवा फिरवला आणि समोरचा आडवा झाला. पनवेलला परत येताना टेम्पोत जो जल्लोष झाला तो अजून लोक सांगतात. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

नोकरीत रुजू होण्याआधी डोळे तपासतात. डावा डोळा तोवर पुरता गेला होता. नोकरीही गेली. मुंबईच्या डॉक्टरांकडे वामनबरोबर मी होतो. ते म्हणाले, आतला पडदा सुटलाय, दोन-तीन महिने आधी आला असतात तर बसवता आला असता. बाहेर आल्यावर वामन म्हणाला, "जाऊ दे." मला वाटलं तो मला समजावतोय.

गावात बातमी झाली ती अशी: फायनलमध्ये मार खाऊन वामनचा डोळा गेला. सरांनीही तेच मानलं. टॉवेल हातात असताना टाकला नाही, म्हणून पोराचा डोळा गेला. कोणाला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर शेडमध्ये जड अंगाचं पोरगं आलं की सर त्याला काट्यावर उभं करायचे, आकडा बघायचे आणि म्हणायचे, "तुझ्यात दम नाही. कबड्डी खेळ." वजनाने जड ठोसेच डोळे घेतात असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हलक्या वजनाची पोरं शिकवली, मेडल्सही आली. हेवीवेट म्हणून एकालाही हात लावला नाही.

असा परत पाठवलेला एक माझ्या समोरच गेला. मी भरलेली बॅग टांगायला शेडमध्ये गेलो होतो. जासईचा हिरामण नावाचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला होता. सर काटा आणायला आत गेले तेवढ्यात तो मला म्हणाला, "काका, एक मारून बघू?" मी बॅग मागून धरली. त्याने हातही न गुंडाळता एकच उजवा मारला. छताची साखळी वाजली, वरचा गंज माझ्या डोक्यावर पडला आणि माझे दात एकमेकांवर आपटले. बॅग धरून असा धक्का मला वामननेही कधी दिला नव्हता. सर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. मग काट्यावरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "तुझ्यात दम नाही." मुलगा माझ्याकडे बघायला लागला, कारण बॅगेच्या मागे मी होतो, मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून साखळीची कडी आवळत बसलो.

तेव्हाच सरांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी वाटलं वामनला शब्द दिलाय. मग वाटलं आता बरीच वर्षं झाली. नंतर सर थकले, शेडमध्ये येईनासे झाले, शिकवणं दुसऱ्यांकडे गेलं, आणि मग वाटलं म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

निखिलच्या त्या रिकाम्या पानाने मात्र झोप उडवली. आठ दिवसांनी मी वामनला भेटायला गेलो. मिठागरं गेली, तो आता मुलाकडे राहतो, नातवंडं सांभाळतो. ओटीवर बसलो. मी म्हटलं, वामन, सरांना डोळ्याचं खरं सांगावं म्हणतो. तुझी परवानगी हवी.

तो माझ्याकडे वळला. "म्हंजे तू अजून नाय सांगितलंस?"

"तू कोणाला बोलू नको म्हणाला होतास."

"अरे, ते फायनलपरयंत. त्याच्यानंतर लपवायचं काय व्हतं? मना वाटलं तू कवाच सांगितलंस." मग हळू आवाजात म्हणाला, "सर माझ्या लग्नाला आलं नाय. रस्त्यात दिसलं का वाट बदलायचं. मना वाटलं, त्यांना फसवलं म्हनून रागावलं. म्हनून मी पन गेलो नाय कवा."

एकाला वाटत होतं आपण त्याचा डोळा घालवला, म्हणून तो तोंड चुकवत होता. दुसऱ्याला वाटत होतं आपण त्यांना फसवलं, म्हणून हा लांब राहत होता. शिरढोण ते जासई अंतर ते किती. त्या दोघांच्या मध्ये पस्तीस वर्षं मी उभा होतो आणि मला वाटत होतं मी शब्द पाळतोय.

शिरढोणला गेलो तेव्हा सर माडीवर खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशीच्या पुढचे, पण पाठ अजून फौजी. सूनबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या खाली गेल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. घासपट्टी, कापड, दर पंधरा दिवस. 

सर म्हणाले, "खारी हवा म्हणाला होतास."

"हो सर."

"म्हणजे डोळा ठोशाने नाही गेला?"

"ठोशांनी उरलंसुरलं गेलं असेल. पण वाचवायची वेळ आधीच होती, आणि तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं."

"वामन माझ्यावर चिडून नाही?"

"त्याला वाटतं तुम्ही चिडलात."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं आता मला घालवून देतील, आणि दिलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नावं घ्यायला लागले. गव्हाणचा भास्कर, शहाऐंशी किलो. पळस्प्याचा तो मारुती, पंच्याऐंशी. पनवेलचाच एक सलीम, नव्वद. परत पाठवलेल्या एकेका पोराचं वजन त्यांना पाठ होतं. आठ नावं झाली. शेवटचं हिरामणचं.

"ब्याण्णव किलो," सर म्हणाले. "मी त्याचा एकच ठोसा बघितला, पण एवढ्या वर्षांत कळतं. वामनपेक्षा चांगला होता. मी बघितलेल्यांत सगळ्यात चांगला. आणि मी त्याला काय सांगितलं ते तुला माहीत आहे."

"मी तिथेच होतो, सर."

"सगळ्यांना तेच सांगितलं. खोटं. वाटलं, चार शिव्या घालतील मला, पण डोळे राहतील. आता त्यांना कोण सांगणार? मला जिना उतरवत नाही."

"मी सांगतो."

"लवकर सांग," सर म्हणाले. "तुला उशीर करायची खोड आहे."

पुढच्याच रविवारी वामनचा मुलगा त्याला शिरढोणला घेऊन गेला. दोघं काय बोलले मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. निखिलला मी ती आठ नावं लिहून दिली. त्याने बरंच डोकं खाजवलं. "काका, पण ह्यांची अचीव्हमेंट काय लिहू?" म्हणाला.  त्या पानावर शेवटी एका बिल्डरची जाहिरात आली.

आठांपैकी आतापर्यंत चार सापडले. भास्कर वारलाय, त्याच्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला बॉक्सिंग आवडायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं. सलीमभाईची बाजारात फळांची गाडी आहे. तो हसून म्हणाला, "अल्ला सरांना सलामत ठेवो. उनकी मेहेरबानी, अजून दोन्ही डोळ्यांनी वजनकाटा दिसतो." मारुतीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, काका, आता काय उपयोग. त्याच्या दारातून निघताना मला वाटलं, हे काम सोडून द्यावं.

हिरामण कंटेनरच्या यार्डात ट्रेलर चालवतो. त्याच्या घरी गेलो तेव्हा नुकताच जेवून उठला होता. पन्नाशीकडे आलेला, पोट सुटलेला, खांदे मात्र तसेच. त्याने मला ओळखलं नाही. शेडमध्ये बॅग धरली होती तो मी, असं सांगितल्यावर जवळ येऊन बसला. मी सगळं सांगितलं. सर खोटं बोलले, का बोलले, आणि ते खोटं त्यांच्या तोंडी यायला मी कसा कारण झालो.

"म्हंजे माझ्यात दम व्हता?" त्याने विचारलं.

"होता. वामनपेक्षा जास्त. सर स्वतः म्हणाले. आणि मला त्याच दिवशी कळलं होतं."

 तो उठला, आतल्या दारात गेला आणि बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "काका, ते परत बोला," तो म्हणाला. "हिच्यासमोर बोला. लगीन झाल्यापासनं हिला सांगतोय, मी एकदा मारला व्हता, तवा साखली वाजली व्हती. हिला वाटतं मी थापा मारतो."

मी परत सांगितलं. साखळी वाजली होती, वरचा गंज पडला होता, माझे दात आपटले होते. सावंत सरांनी बघितलेल्या सगळ्यांत तुमचा नवरा चांगला होता.

ती हसली नाही. नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग इतकी वरसं तुमी कुठं होतात?" तिने विचारलं.

"दुकानातच होतो," मी म्हणालो.